वेळेवर पोहोचणारे दान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा काळ अभिमानाचा असतो, तसाच तो आत्मपरीक्षणाचाही असतो. व्यापारी दरवर्षी दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन करतो. परंतु त्याआधी तो जुन्या वहीची बाकी काढतो. काय जमा झाले आणि कोणते देणे राहून गेले, हे पाहिल्यावाचून नवी वही उघडण्याची रीत पेढीवर नाही. ट्रस्टच्या वहीत जमेची बाजू भरगच्च आहे. विद्यार्थी वसतिगृह, धर्मार्थ दवाखाना, शिष्यवृत्त्या, दुष्काळातील चारावाटप, दिव्यांगांसाठी साहित्यवाटपाची शिबिरे ही सारी कामे दात्यांच्या औदार्याने व कार्यकर्त्यांच्या निष्ठेने उभी राहिली. त्यांचा गौरव योग्यच आहे. आजचा विषय मात्र राहून गेलेल्या एका देण्याचा आहे.

काही वर्षांपूर्वीच्या शिबिरात सुमारे सात वर्षांच्या एका मुलीला श्रवणयंत्र देण्यात आले. वडील यंत्रमागावर कामाला, आई घरी शिलाई करणारी. मान्यवरांच्या हस्ते यंत्र दिले गेले, छायाचित्र निघाले, टाळ्या झाल्या. वर्षभराने कार्यकर्ते विचारपूस करण्यास घरी गेले, तेव्हा यंत्र कपाटात रुमालात गुंडाळून नीट ठेवलेले आढळले. आईने तक्रार केली नाही. संकोचाने ती एवढेच म्हणाली, “मशीन चांगलं आहे दादा. पण तिला त्यातनं नुसता गलका ऐकू येतो. शब्द कळत नाहीत.”

त्याच घरात दीड वर्षाचा धाकटा भाऊ खेळत होता. बहिणीचा अनुभव असल्याने त्याची श्रवणचाचणी जन्मानंतर थोड्याच दिवसांत झाली होती व सहा महिन्यांचा होण्याआधी त्याच्या कानाला यंत्र लागले होते. शहरातील एका लहानशा केंद्रातील वाचा-उपचार शिक्षिका आठवड्यातून दोनदा त्याच्या आईला शिकवीत असे. भाकरी थापताना, धुणे वाळत घालताना, अंगाई म्हणताना बाळाशी कसे बोलावे, त्याला आवाजाकडे कसे वळवावे, एवढाच तो पाठ. मुलगा दारावरची थाप ऐकून वळत होता, “आई” म्हणत होता. परंतु कार्यकर्ते गेले त्या महिन्यात ते वर्ग बंद पडले होते. केंद्राचे अनुदान आठ महिने आलेले नव्हते. पाच महिने मानधनावाचून काम केल्यावर शिक्षिकेने परगावची नोकरी पत्करली होती.

एकाच छपराखाली दोन गोष्टी दिसल्या. उशिरा पोहोचलेले दान कपाटात राहिले आणि वेळेवर सुरू झालेली सेवा पैशाअभावी अर्ध्यावर थांबली. या दोहोंचा विचार सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग ठरविताना व्हावा, हाच या भाषणाचा हेतू आहे.

वयाचा हंगाम

दिवाळीसाठी मागविलेला माल दिवाळी उलटल्यावर दुकानात पोहोचला तर तो वाईट ठरत नाही, पण त्याचा हंगाम गेलेला असतो. बालकांच्या विकासाचेही तसेच आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूची जडणघडण ज्या वेगाने होते, तो वेग पुढे आयुष्यात पुन्हा येत नाही. ऐकणे, पाहणे, बसणे, धरणे, बोलणे या प्रत्येक क्षमतेचा स्वतःचा हंगाम असतो.

म्हणूनच जगभरचे श्रवणतज्ज्ञ एक-तीन-सहा हे सूत्र सांगतात. बाळ एक महिन्याचे होईपर्यंत श्रवणचाचणी, तीन महिन्यांपर्यंत निश्चित निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचारास प्रारंभ. अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासावा लागतो. तो न तपासल्यास टाळता येण्याजोगे अंधत्व कायमचे होऊ शकते. जन्मतः थायरॉईडची कमतरता असलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले, तर रोजच्या एका साध्या गोळीने त्याची बुद्धी वाचते. पाऊल आत वळलेल्या बाळाला डॉ. पोन्सेटी यांच्या पद्धतीने आठवड्याला एक याप्रमाणे पाच-सहा प्लास्टर घातली जातात, बहुतेकांना टाचेच्या शिरेवर एक लहानशी क्रिया लागते आणि नंतर चार वर्षांच्या वयापर्यंत विशेष बूट वापरावे लागतात. ते मूल मग इतरांसारखे चालते. तेच पाऊल दहाव्या वर्षी शस्त्रवैद्यापुढे आले तर उपाय कठीण, खर्चिक व अपुरा ठरतो.

सर्वच दिव्यांगत्व असे दूर होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत ‘बरे होणे’ हा शब्दच चुकीची आशा निर्माण करतो. पण स्वतःच्या हाताने घास घेणे, तहान लागल्याचे खुणेने सांगणे, आधाराने बसणे, शाळेत पाऊल टाकणे यांपैकी प्रत्येक गोष्ट त्या मुलाच्या आणि त्याच्या आईच्या पुढील आयुष्याचा भार हलका करते. या वेळीच केलेल्या साहाय्याला शासकीय परिभाषेत ‘शीघ्र हस्तक्षेप’ म्हणतात. शब्द रुक्ष आहे. प्रत्यक्षात ते एका सतरंजीवर चालणारे काम आहे. सतरंजीवर बाळ, बाजूला आई आणि समोर फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक.

या कामाची परंपरा देशात नवी नाही. तिरुवनंतपुरम येथे डॉ. एम. के. सी. नायर यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये बालविकास केंद्र सुरू झाले. जोखमीच्या बाळांच्या मातांना घरच्या घरी करावयाची साधी उद्दीपने शिकविली, तर त्या बाळांचा विकास अधिक चांगला होतो, हे तेथील अभ्यासाने दाखविले. त्याच वर्षी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा आरंभिला आणि तो त्या मुलांच्या अठराव्या वर्षापर्यंत चालू ठेवला. मुंबईत तर १९७२ मध्येच मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी कार्य उभारले. या सर्वांच्या यशात ज्ञानाइतकाच सातत्याचा वाटा आहे, आणि सातत्याला दर महिन्याला पैसा लागतो.

शासन काय करते

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या; त्यांत सहा वर्षांपर्यंतची बालके २० लाखांहून अधिक होती. शासनाने या प्रश्नाकडे पाठ फिरविली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथूनच ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’चा देशव्यापी आरंभ झाला. फिरती आरोग्य पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात; नवजात बाळाची पाहणी प्रसूतीच्या ठिकाणी व पुढे आशा कार्यकर्तीमार्फत घरी होते. संशयित बालकाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची व्यवस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले. जून २०२१ मध्ये केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने राष्ट्रीय संस्था व प्रादेशिक केंद्रांमध्ये चौदा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू केली. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला.

स्वयंसेवी संस्थांसाठीही अनुदाने आहेत. १९९९ पासून चालत आलेल्या आणि २००३ मध्ये नामांतर झालेल्या ‘दीनदयाळ दिव्यांगजन पुनर्वसन योजने’त पूर्वप्राथमिक शिक्षण व शीघ्र हस्तक्षेप हा मान्य प्रकल्प आहे. राष्ट्रीय न्यासाने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘दिशा’ ही योजना आणली. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतूनही असे काम करता येते; त्यासाठी संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून कंपनी मंत्रालयाकडे नोंदणी आवश्यक झाली आहे. मग योजना आहेत, कायदा आहे, निधी आहे, तरीही त्या घरातील वर्ग बंद का पडले?

खेळत्या भांडवलाचा प्रश्न

याचे उत्तर व्यापाऱ्याला लवकर उमजेल. दीनदयाळ योजनेत मान्य खर्चाच्या कमाल नव्वद टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. उर्वरित वाटा संस्थेने उचलायचा असतो. एका लहान केंद्राचा उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहावा. समजा, महिन्याचा मान्य खर्च एक लाख रुपये आहे. वर्षाचे बारा लाख झाले. त्यांपैकी दहा लाख ऐंशी हजार अनुदानातून येतील आणि संस्थेला केवळ एक लाख वीस हजार उभे करावे लागतील. कागदावर हा व्यवहार सोपा दिसतो.

परंतु अनुदान एक तारखेला येत नाही. आधी प्रस्ताव, मग तपासणी, जिल्हा व राज्य पातळीवरील शिफारस, मागील वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब, उपयोगिता प्रमाणपत्र, एखादी त्रुटी, तिची पूर्तता आणि त्यानंतर रक्कम. सार्वजनिक पैशाची अशी छाननी झालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. मात्र या काळात फिजिओथेरपिस्टचे मानधन, जागेचे भाडे व विजेचे देयक थांबत नाहीत. आठ महिने विलंब झाला तर संस्थेला आठ लाख रुपये पदरचे घालावे लागतात. ज्या संस्थेचा स्वतःचा वाटा वर्षाला एक लाख वीस हजार, तिला प्रत्यक्षात आठ लाखांचे खेळते भांडवल हवे! नफ्यात चालणारी पेढीसुद्धा खेळत्या भांडवलावाचून बंद पडते. तेथे उधारी उशिरा वसूल झाली तर व्याजाचा तोटा होतो. येथे शिक्षिका निघून जाते आणि बाळाचा हंगाम टळतो. पुढे अनुदान आले, तरी ते महिने परत येत नाहीत.

दुसरी अडचण दरांची. अनुदानाच्या नियमांत मानधनाचे आकडे ठरलेले असतात. प्रशिक्षित उपचारतज्ज्ञाला मोठ्या शहरातील खासगी रुग्णालय त्याहून पुष्कळ अधिक देऊ शकते. तिसरी अडचण मातेची. आठवड्यातून दोनदा केंद्रात येण्यासाठी तिचे एस.टी.चे भाडे आणि दोन दिवसांची मजुरी जाते. उपचार मोफत असूनही मूल येईनासे होण्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि ते अनुदानाच्या तक्त्यात सहसा बसत नाही.

ट्रस्टने काय करावे

सुवर्णमहोत्सवी निधीतून स्वतंत्र वास्तू बांधावी, अशी सूचना काही दात्यांकडून आली आहे. त्यामागील भावना आदरणीय आहे. परंतु जिल्ह्यात शासकीय केंद्र आहे आणि शहरात आधीच काम करणाऱ्या लहान संस्था आहेत. त्यांना नवी भिंत नको आहे. चालू असलेले काम पुढचे बारा महिने चालेल याची खात्री हवी आहे. यासाठी विश्वस्त मंडळापुढे चार गोष्टी ठेवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट म्हणजे फिरता निधी. अनुदान मंजूर असलेल्या, नोंदणीकृत व हिशेब चोख असलेल्या संस्थेला अनुदान येईपर्यंत बिनव्याजी रक्कम द्यावी आणि अनुदान जमा होताच ती परत घ्यावी. तीच रक्कम पुढच्या वर्षी पुन्हा उपयोगी पडते. दात्याचा एक रुपया अनेक वेळा दान होतो. ट्रस्टच्या घटनेत यासाठी तरतूद आहे काय, हे आधी लेखापरीक्षकांकडून व धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून तपासून घेणे अगत्याचे आहे. अडचण असल्यास हेच साहाय्य साध्या देणगीच्या रूपाने करता येईल.

दुसरी गोष्ट, निदान तीन वर्षांसाठी एका उपचारतज्ज्ञाच्या मानधनातील तफावत भरून काढावी. एका वर्षाची देणगी अहवालात छान दिसते, पण सहा महिन्यांच्या बाळाला तीन वर्षे लागतात. ज्याला मानधन द्यावयाचे, त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे किंवा त्या त्या शाखेच्या परिषदेकडे नोंदणी आहे याची खात्री मात्र करून घ्यावी.

तिसरी गोष्ट, मातांसाठी प्रवासखर्च. ही रक्कम लहान आहे, म्हणूनच ती कोणी देत नाही.

चौथी गोष्ट पैशाची नाही. समाजात सनदी लेखापाल, वकील, वाणिज्य पदवीधर विपुल आहेत. अनुदानाचे प्रस्ताव भरणे, उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत पाठविणे, त्रुटींची पूर्तता करणे हे काम लहान संस्थांना पेलत नाही. उपचारतज्ज्ञ कागदांत अडकतात. महिन्यातून दोन संध्याकाळी पाच-सहा युवकांनी हे काम स्वीकारले, तर विलंबाचा मोठा भाग तेथेच कमी होईल. नगरपालिका, महापालिका व ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. त्याचा काही भाग लहान बालकांच्या तपासणी व उपचारांसाठी नियमांत बसवून घेता येईल का, याचा पाठपुरावाही हेच युवक करू शकतील.

नावाच्या पाटीशिवाय दाते पुढे येतील का, अशी शंका घेतली जाते. दक्षिण महाराष्ट्राच्या इतिहासात तिचे उत्तर आहे. जैन कुळात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग उघडले. तेथे धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले. त्या सोन्याची वास्तू झाली नाही. मुलांच्या ताटात त्या दिवशी भाकरी आली, आणि संस्था टिकली. अडलेल्या महिन्यात आलेल्या मदतीचे मोल असे असते.

घरातील बंद दार

एक गोष्ट निधीने सुटणारी नाही. पुष्कळ घरांत मूल वेळेवर बसत नाही, नजर देत नाही, हे आईला सर्वांत आधी जाणवते. पण “मुलगे उशिराच बोलतात”, “याचे काकाही असेच होते” असे म्हणून तिला गप्प केले जाते. सुखवस्तू घरांत तर मूल लपविण्याकडे कल असतो, कारण मोठ्या भावंडांच्या सोयरिकीची चिंता असते. कुणी त्याला पूर्वकर्माचे फळ म्हणते आणि दोष बहुधा आईच्या पदरात टाकते.

जैन कर्मसिद्धांताचा हा अर्थ नव्हे. त्या सिद्धांतात पुरुषार्थाला स्थान नसते, तर व्रतांना व तपाला अर्थच उरला नसता. दुसऱ्याच्या वेदनेचे कारण कर्मात शोधून स्वतः स्वस्थ बसण्याची मुभा कोणत्याही शास्त्राने दिलेली नाही. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांची शिकवण लहानपणापासून दिली जाते. शीघ्र हस्तक्षेपाच्या सतरंजीवर ही चारही दाने एकत्र येतात, आणि त्यांतील अभयदान विशेषेकरून त्या आईसाठी असते. “तुझे चुकलेले नाही, उद्या सकाळी तपासून घेऊ,” एवढे वाक्य सासूने सुनेला सांगितले तरी हंगामाचे काही महिने वाचतील.

नव्या वहीचे पहिले पान

येत्या वर्षांत या निधीचा हिशेब मागताना ‘किती मुले बरी झाली’ असा प्रश्न विचारला जाऊ नये. किती बाळांची तपासणी पहिल्या महिन्यात झाली, किती जणांचे उपचार सहा महिन्यांच्या आत सुरू झाले, किती जणांचे वर्ष खंड न पडता पूर्ण झाले आणि उपचारतज्ज्ञाला मानधन कोणत्या तारखेला मिळाले, हे चार रकाने वार्षिक अहवालात छापले जावेत. त्यांतील शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा मानावा. तो चुकला की आधीचे तिन्ही चुकतात.

त्या घरातील आई आजही भाकरी थापताना मुलाशी बोलते. शिक्षिकेने शिकविले तेवढे तिने सोडलेले नाही. पुढचे तिला कोणी सांगितलेले नाही. कपाटातील यंत्राची भरपाई करणे कुणाच्याही हाती नाही. दुसरे यंत्र मात्र अजून कानावर आहे, आणि ते ऐकणाऱ्याला पुढचे शब्द शिकविण्यासाठी कोणीतरी वेळेवर पोहोचले पाहिजे. सुवर्णमहोत्सवी वर्षात उघडल्या जाणाऱ्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर हे देणे लिहिले जावे, एवढीच विश्वस्त मंडळास आणि समाजास नम्र विनंती.

जय जिनेंद्र!